तुम्ही कुठून बोलताय?

परवा शाळेच्या ऑफिसातून एका मुलीच्या वडिलांना फोन लावत होते. शाळेचा लँडलाइन अजून चालू आहे. मोबाइलचे दहा आकडे दाबले, फोन लागेना. पुन्हा दाबले, तरी तेच. शिपाईमामा हसून म्हणाले, "मॅडम, आधी शून्य लावा की." मग आठवलं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावावा लागतो. त्या एका शून्यामुळे देशात सुमारे २५४ कोटी नवे नंबर देता येतील, असा सरकारचा हिशोब होता.

फोन झाला, काम झालं. पण तो शून्य दिवसभर डोक्यात राहिला, कारण या शून्याशी माझी जुनी ओळख आहे. माझं माहेर, माझं सासर आणि आमच्या घरातली एक फार वाईट रात्र, हे सगळं त्या शून्याशी बांधलेलं आहे. ती गोष्ट आजवर घराबाहेर सांगितली नव्हती. ज्याची परवानगी घ्यायला हवी होती त्याची घेतली आणि मगच लिहायला बसले.

२००२ साल. माझं बीएड संपत आलं होतं. भाईजान कुवेतला होता. त्याने पैसे पाठवले आणि आमच्या कर्जतच्या घरात कॉम्प्युटर आला. विंडोज ९८, आत ५६ केचा मोडेम. कॉम्प्युटर आणून देणारा मुलगा वायरी जोडून, चहा पिऊन निघून गेला. इंटरनेट मात्र मलाच लावायचं होतं.

आजच्या मुलांना हे सांगितलं की खोटं वाटतं. तेव्हा कॉम्प्युटर स्वतः फोन करायचा. १७२ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर मोडेम फिरवायचा, पलीकडून दुसरा मोडेम उचलायचा, दोघांची किंचाळी व्हायची आणि मग पान उघडायचं. तोवर घरचा फोन बंद. कुणाच्या मयतीची खबर आली तरी कळायची नाही.

पण फोन करायचा म्हणजे कसा करायचा, हे कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागे. 'डायलिंग प्रॉपर्टीज' नावाची एक खिडकी होती. पहिलाच प्रश्न : तुम्ही कुठून फोन करताय? मग देश कोणता, एरिया कोड कोणता, बाहेरची लाइन घ्यायला आधी काही दाबावं लागतं का, टोन की पल्स. पल्स म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं खटखट मोजणं. एकाला एक खटका, नवाला नऊ आणि शून्याला दहा. आमच्या एक्स्चेंजला टोन चालायचा, त्यामुळे तो प्रश्न चटकन सुटला. नंबरात स्वल्पविराम टाकला तर मोडेम दोन सेकंद थांबतो, हेही तेव्हाच कळलं. मराठीच्या तासाला स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबणं असं आपण शिकवतो, तेच इथे खरोखरीचं होतं.

एरिया कोडच्या चौकटीत मी ०२१४८ लिहिलं. कर्जतचा कोड तोच. सगळ्यांच्या डायरीत, दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर तसाच छापलेला. नंबर लावला तर मोडेमच्या छोट्या स्पीकरातून बाईचा आवाज यायचा, सगळ्या लाइन व्यस्त असल्याचा. दिवसभर व्यस्त, रात्री बारालाही व्यस्त. आठवडाभर मी खटपट केली. मोडेम काय करतो ते फाइलमध्ये लिहून ठेवायची एक सोय होती, ती चालू केली. जुनं न पुसता नवं खाली जोडत जा, अशी खूणही केली. त्या फाइलीत फिरवलेला नंबर दिसत नाही. प्रत्येक आकड्याच्या जागी जाळीसारखं एक चिन्ह असतं. पण चिन्हं मोजता येतात. मोजली, तर सहाच्या जागी बारा! म्हणजे हा बाबा कर्जतहून कर्जतलाच बाहेरगाव समजून कोड लावत होता आणि वर आपल्या मनाने आणखी एक शून्य जोडत होता.

माझे वडील रेल्वेत होते. उभा जन्म कर्जत स्टेशनात गेला. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण माझी कटकट ऐकून ते म्हणाले, "बेटा, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून बँकर लागतात ना? घाट चढवून देतात आणि वर सुटतात. बँकर काय गाडीच्या डब्यांत मोजतात का?"

तिथेच गुंता सुटला. शून्य हा कोडचा भागच नव्हे. तो आपला भाग सोडून बाहेर निघताना लावायचा बँकर. खरा कोड २१४८. त्यापुढे घरचे सहा आकडे, मिळून दहा. देश ९१ निवडला की बाहेरगावी जाताना एक शून्य आणि परदेशी जाताना दोन शून्य लावायचे, हे विंडोजला आधीच ठाऊक असतं. आपण ०२१४८ लिहिलं की शून्य दोनदा लागतो. मी दोन्हीकडचा शून्य पुसला. त्या रात्री पहिल्यांदा किंचाळी ऐकू आली आणि अम्मीने दचकून विचारलं, "क्या टूटा?"

पुढे मुलांना शिकवताना हा शून्य मला फार उपयोगी पडला. आपण शून्य म्हणतो, त्याचा अरबांनी अर्थ घेऊन सिफ्र केला, म्हणजे रिकामा. उर्दूत तो सिफर. तोच अरबी शब्द युरोपात जाऊन झिरो झाला. उर्दूत सिफर म्हणून नुसता टिंब काढतात. आणि उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यात आकडे आले की ते डावीकडून उजवीकडेच वाचायचे. फोन नंबर लिहिताना पोरं इथे हमखास गोंधळतात. मी सांगते, अक्षरं घरची चाल चालतात, आकडे सगळ्या जगाची.

त्याच वर्षाच्या शेवटी माझं लग्न झालं. सासर खोपोलीला. कर्जतहून लोकलने पाचवं स्टेशन : पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. कपाट, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर एका टेंपोतून गेलं. कॉम्प्युटर बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "इसे कहाँ रखेंगे?" धाकटा दीर तेव्हा सतरा वर्षांचा, कॉलेजात जाणारा. त्याने आपली खोली लगेच देऊ केली.

तिथे मी कॉम्प्युटर जोडला आणि पुन्हा तीच खिडकी उघडली. 'तुम्ही कुठून फोन करताय?' उत्तर 'कर्जत' असं होतं. ते बदलायचं होतं. नवं ठिकाण जोडायचं, नाव द्यायचं. मी 'खोपोली' लिहिलं, कोड २१९२.

विंडोज ९८ मध्ये 'फोन डायलर' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. त्यात आठ बटणं. प्रत्येकावर एक नाव आणि एक नंबर ठेवता यायचा. कर्जतला असताना मी शेजारच्या खालाजानचा, मैत्रिणींचा, एसटीडी बूथवाल्याचा नंबर त्यात पूर्ण रीतीने, म्हणजे ९१, मग २१४८, मग सहा आकडे, असा भरला होता. निघताना एक बटण आमच्या घराच्या नंबराचं केलं होतं. नाव दिलं होतं 'घर'. खोपोलीला पहिल्यांदा ते बटण दाबलं. नंबर तोच, बटण तेच. पण कॉम्प्युटरने स्वतःहून आधी शून्य लावला, मग २१४८ लावलं आणि मग घर. कारण मी आता कुठून बोलते ते मीच त्याला सांगितलं होतं.

निकाहला रडले नव्हते इतकी त्या शून्याला रडले. दोन तालुके एकमेकांना चिकटलेले, पंधरा किलोमीटरचं अंतर, पण घर आता बाहेरगाव होतं. पुढे काही वर्षं जवळच्या एसटीडीला शून्याऐवजी ९५ लावायचं आलं, कॉल स्वस्त झाला. दोन्ही वेळा माहेराला मात्र काहीतरी आधी जोडूनच जावं लागायचं. हळूहळू सवय झाली. 'घर' हे बटणाचं नाव बदलून मी 'अम्मी' केलं.

आता ती रात्र.

२००३ चं वर्ष आमच्यासाठी भीतीचं होतं. १३ मार्चला मुलुंड स्टेशनात लोकलमध्ये स्फोट झाला. ती गाडी कर्जतला येणारी होती. तिच्यात आमच्याच गावाची माणसं असतात, हिंदू असतात, मुसलमान असतात, दमून झोपलेली असतात. त्यानंतर डब्यात दाढीवाला माणूस चढला की बाकावर सरकून जागा देणारे हात थबकायचे, हे मी पाहिलेलं आहे. मग २५ ऑगस्टला गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार. पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर दहा दिवसांनी आमच्या घरी टेलिफोनचं बिल आलं.

दोन महिन्यांचं बिल एरवी सहा-सातशे यायचं. हे अकरा हजारांच्या वर होतं. मोठे दीर सौदीत, म्हणून आमच्या लाइनवर आयएसडी उघडी ठेवलेली. पण हे कॉल सौदीचे नव्हते. चार वेगवेगळ्या रात्री, एक ते तीनच्या दरम्यान, एकाच कोडवर : ००२४६.

सासरे, ज्यांना आम्ही अब्बाजी म्हणायचो, ते रोज रात्री रेडिओवर उर्दू बातम्या ऐकत. टेलिफोनच्या डिरेक्टरीत त्यांनी तो कोड शोधला आणि चश्मा काढून ठेवला. दिएगो गार्सिया. हिंदी महासागरातलं बेट, अमेरिकेचा लष्करी तळ. तिथूनच उडालेल्या विमानांनी अफगाणिस्तानवर आणि त्याच वर्षी इराकवर बाँब टाकल्याचं त्यांनी त्याच रेडिओवर ऐकलं होतं.

अब्बाजी उठले आणि त्यांनी घराचं पुढचं दार लावून घेतलं. भर दिवसा. मग हळू आवाजात म्हणाले, "आपल्या घरातून, रात्री दोन वाजता, त्या जागी फोन गेलेत. उद्या कुणी येऊन विचारलं तर मी काय सांगू? चुकून लागला म्हणू? चार वेळा?"

पैशांचं कुणी बोललंच नाही. अकरा हजार म्हणजे तेव्हा आमच्या ह्यांचे दोन पगार. तरीही पैशांचा विचार नंतर आला. त्या बंद दारामागे बसलेल्या पाच माणसांच्या मनात काय होतं, ते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना न सांगता कळेल. बाकीच्यांना एवढंच सांगते, की काहीही न केलेला माणूससुद्धा कधीकधी आपण काही केलं नाही याचे पुरावे मनात गोळा करत बसतो.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या, पण घरात मशीन आणणारी मी होते. मी बिलावरच्या तारखा पाहिल्या. चारपैकी तीन रात्री मी कर्जतला होते, अम्मीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. मी सुटले होते. पण मी सुटले म्हणजे कोण अडकलं, हे मला त्याच क्षणी समजलं. दीर भिंतीला टेकून उभा होता. ओठ पांढरे.

मी कॉम्प्युटर चालू केला. डायल-अपच्या फोल्डरमध्ये माझ्या कनेक्शनच्या शेजारी आणखी एक चिन्ह होतं, मी न केलेलं. त्याच्यात ००२४६ ने सुरू होणारा नंबर. मग मी मोडेमची ती जुनी फाइल उघडली. शून्याच्या भानगडीत लावलेली जोडणीची खूण मी कधी काढलीच नव्हती. त्या चार रात्री, बिलावरच्या त्याच वेळा, आणि नंबराच्या जागी जाळीची चिन्हं. मोजली. सहा, लाइन तुटली, मग बारा. म्हणजे आधी नेहमीचं इंटरनेट लागलं, मग कुणीतरी ते तोडून दुसरीकडे लावलं. दोन शून्य, २४६ आणि सात आकडे, बरोबर बारा.

हे काय होतं ते पुढे सविस्तर वाचलं. डायलर नावाचे प्रोग्राम होते. एखाद्या वेबसाइटवर फुकट चित्रं, गाणी, काहीतरी दाखवायचे, 'होय' दाबायला सांगायचे. दाबलं की प्रोग्राम उतरायचा, मोडेमचा स्पीकर बंद करायचा, चालू फोन तोडायचा आणि गुपचूप एखाद्या दूरच्या देशाचा महागडा नंबर लावायचा. त्या मिनिटांचे पैसे मधली मंडळी वाटून घ्यायची. १९९७ मध्ये अमेरिकेत असा एक मोठा खटला झाला. तिथे लोकांचे मोडेम मोल्दोव्हाला फोन करत होते आणि हजारो ग्राहकांना पैसे परत मिळाले. २००४ मध्ये आयर्लंडच्या टेलिफोन नियामकाने तेरा ठिकाणचे थेट फोनच बंद केले. त्या यादीत दिएगो गार्सिया होतं. म्हणजे जगभर असंख्य घरांत तेच बिल आलं होतं. दार मात्र किती घरांनी लावून घेतलं असेल, कोण जाणे.

आणि एक गोष्ट मला त्या दिवशीच दिसली. त्या परक्या कनेक्शनने माझे डायलिंगचे नियम वापरलेच नव्हते. ती खूण काढलेली होती. नंबर थेट, पूर्ण, शून्यांसकट भरलेला. तुम्ही कुठून बोलताय, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

अब्बाजींना मी समजावलं. कागदावर दोन बेरजा मांडून दाखवल्या. फोन कुठल्या माणसाने केला नाही, मशीनने केला, आणि तो कुणाशी बोलायला नव्हता. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी विचारलं, "पण हा प्रोग्राम आला कसा?"

दीर अजून तिथेच उभा. रात्री दीडला सतरा वर्षांचा मुलगा कुठली चित्रं बघत असेल, हे मला सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, "इंटरनेटवरून येतात असे. कुणाच्याही मशीनवर येतात."

हे खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. मी शिक्षिका आहे, अर्धं उत्तर मी मुलांकडून चालवून घेत नाही. तरी त्या दिवशी मी ते दिलं.

दुसऱ्या दिवशी अब्बाजी आणि मी टेलिफोन ऑफिसात गेलो. आत शिरताना त्यांचा हात थरथरत होता. तिथल्या साहेबांनी बिल पाहिलं, माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "काका, घाबरू नका. असं दुसऱ्यांचंही झालंय." त्या एका वाक्याने अब्बाजींचा चेहरा बदलला, तो मला अजून आठवतो. बिल भरावं लागलंच, कारण फोन आमच्याच लाइनवरून गेला होता. पण तीन हप्ते करून मिळाले आणि आयएसडीला कुलूप लागलं. मी माझ्या मेहेरच्या रकमेतून भरते म्हणाले, तर अब्बाजी रिक्षात बसता बसता म्हणाले, "मेहेर तुझा हक्क आहे. तो टेलिफोनला द्यायचा नसतो." त्यांनी आपली ठेव मोडली.

आठवड्याने इशाच्या नमाजनंतर दीर स्वतः अब्बाजींसमोर जाऊन बसला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, ऐकायला थांबलेही नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "भाभी, तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मला सांगावं लागलं." पुढचे दोन हप्ते त्याने ट्यूशन घेऊन फेडले. आज तो दोन मुलींचा बाप आहे. हा लेख लिहिण्याआधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा. मुलांच्या हातात आता अख्खं इंटरनेट आहे आणि आईबापांना वाटतं, बिल येत नाही म्हणजे काही होत नाही."

अब्बाजी गेले. बाबाही गेले. दोन्ही घरचे लँडलाइन आम्ही परत केले. अम्मीचा नंबर आता मोबाइलमध्ये आहे, शून्य न लावता लागतो.

शाळेतून आल्यावर त्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन अँड मोडेम' अजूनही आहे, कुणी वापरत नसलं तरी. त्यावर टिचकी मारली. नवी कोरी मशीन, मोडेम नाही, वायर नाही. तरी तिने आधी तेच विचारलं : देश कोणता, एरिया कोड कोणता.

मी २१९२ लिहिलं. शून्य न लावता.